पॅनेलची खोळ

"आई, तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?"

फटाक्या गच्चीवर ओरडत होता. मित्रांनी हे नाव त्याला उगाच नव्हतं ठेवलं. त्याच्या पायाशी त्याने स्वतः बनवलेलं छोटं सोलर पॅनेल होतं, आणि पॅनेलवर चक्क खोळ. कडांना पायपिनचा गोट, मागे दोन बंद, वायर बाहेर काढायला काज.

"कधी घातलीस ही?"

"परवा. तू मामाकडे गेलास ना, लगेच." आईच्या गळ्यात शिवणाची टेप तशीच होती. "एवढा जीव ओतून केलंस. ऊन लागून काच तडकली असती म्हणजे?"

"अगं, ऊनच तर खातं ते!"

आईने खोळीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"म्हणजे दोन दिवस उपाशी ठेवलं मी त्याला?"

फटाक्याला हसू येत होतं, पण ते रागातच अडकलं. आज सोलरच्या वर्गात शिकवणारी ताई प्रत्येकाची बॅटरी दिव्याला लावून बघणार होती. ज्याचा दिवा लागेल, त्याला ती कामावर सोबत नेणार होती, खऱ्याखुऱ्या छतांवर पॅनेल बसवायला. शाळा सोडल्यापासून एवढी एकच गोष्ट त्याने शेवटपर्यंत नेली होती. आणि बॅटरी साफ रिकामी.

"झालं वाटोळं," तो मटकन खाली बसला. "मी नाही जात आज."

आई पुढे आली. तिने खोळीचे बंद सोडले आणि पॅनेल उचललं. पाण्याच्या टाकीची सावली सरकत येत होती, म्हणून त्या सावलीपासून लांब, कठड्यापाशी नेऊन ठेवलं.

"असं नाही!" तो उठलाच. "तिरकं धर. सूर्याकडे तोंड कर त्याचं. हां. आता हा आकडा बघ."

त्याने बॅटरीच्या क्लिपा पॅनेलच्या वायरला लावल्या आणि मीटर तिच्यापुढे धरलं.

"आता त्याच्यावर हात धर. नुसता कोपरा झाक."

तिने धरला. आकडा धाडकन खाली आला.

"अगंबाई! एका कोपऱ्याने एवढं?"

"सगळे तुकडे एकामागे एक जोडलेत. एकाने मान टाकली की बाकीचे पण बसतात."

"आमच्या भिशीसारखंच की," ती म्हणाली आणि हात काढला. आकडा चढला. पुन्हा झाकला, पुन्हा काढला. एकटीच खुदकन हसली. "आणि ढग आला तर?"

त्याने सांगितलं. तिने अजून विचारलं, त्याने अजून सांगितलं. आवाज कधी खाली आला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

ऊन कलायला लागलं तशी त्याने क्लिपा काढल्या, बॅटरी पिशवीत टाकली. दिव्याला पुरेल का, कोण जाणे.

"थांब जरा. पाणी तरी पिऊन जा. आणि त्या क्लिपा लाव परत, तेवढंच आणखी भरेल."

त्याने बॅटरी बाहेर काढून लावल्या. आई उठली आणि कमरेत पार वाकून, चोरासारखी, पॅनेलच्या बाजूने जिन्याकडे निघाली. आपली सावली त्याच्यावर पडू नये म्हणून. ऊन पॅनेलच्या समोरून येत होतं. तिची सावली तिच्या पुढे जिन्याकडेच पडत होती, पॅनेलवर पडणं शक्यच नव्हतं.

ते सांगायला त्याने तोंड उघडलं, पण ती तशी जपून वाकलेली बघून ते गिळलं.

"आई, पाणी राहू दे," तो म्हणाला. "मला आता निघायला हवं, दिवा लागो न लागो."