पास्टरांचा शब्द

परदेशी चर्चमधून आलेल्या पाहुण्यांनी गावात अनाथाश्रम बांधायला घेतला, तेव्हा नासिमियूने महिनाभर त्यांच्यासाठी मक्याच्या पिठाची उगाली रांधली. पास्टर बरासांनी तिला शब्द दिला होता, "तुझी लेकही तिथेच राहून शिकेल."

"पण ते अनाथांसाठी आहे ना, पास्टर?"

"पाहुण्यांशी मी बोलतो. तू काळजी करू नकोस."

उद्घाटनाच्या दिवशी पास्टरांनी तिला चुलीपाशीच थांबायला सांगितलं. तिने भिंतीआडून पाहिलं. तिची डॉर्कस नवा फ्रॉक घालून पाहुण्यांसमोर उभी होती. एका बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "घरी कोण कोण असतं गं तुझ्या?" पास्टरांनी प्रश्न गावच्या भाषेत सांगितला.



डॉर्कसने एकदा पास्टरांकडे बघितलं आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "कोणीच नाही. आई मागच्या वर्षी वारली."