केसभर

भोक पुन्हा बाजूलाच निघालं.

वरून पाहावं तर अगदी मधोमध, आणि सर्किटची पाटी पालथी केली की तांब्याची टिकली सोडून केसभर पलीकडे. सुरेंद्रअप्पांनी ड्रिल बंद केलं, चष्मा काढला आणि तळव्यांनी डोळे चोळले.

"हात गेला माझा, शांभवी," ते म्हणाले.

वडिलांच्या हातातली पाटी घेऊन शांभवीने खिडकीतल्या ढिगावर ठेवली. अकरा रविवार, अकरा पाट्या. पापनाशमहून पहाटेची बस, राजवाड्यामागच्या गल्लीपर्यंत पायपीट, दिवसभर इस्त्री आणि तांबं खाणाऱ्या त्या तपकिरी पाण्याचा वास, आणि शेवटी ये रे माझ्या मागल्या. सोमवारी बँकेत बसल्या बसल्या तिला डुलकी लागायची. नवरा, मुरलीकृष्ण, तर पार वैतागला होता. कारखान्यातून आठ दिवसांत घरपोच येते असली पाटी, मग हा खटाटोप कशाला, असं तो म्हणायचा. त्याचं तरी काय चुकलं? अप्पा ऐकत नाहीत, एवढंच ती सांगायची.

अप्पा ऐकणारे नव्हतेच. त्यांची बायको कनकलता गेली, त्याच आठवड्यात तिची विजेवरची श्रुतिपेटी जळाली. त्या सुरावर तिने गल्लीतल्या दोन पिढ्यांना गाणं शिकवलं होतं. आतली पाटी दोन्ही बाजूंनी रेघांची, आणि कंपनी केव्हाच बंद पडलेली. अप्पा जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आलेले. तिच्या पेटीत बाजारचं काही घालणार नाही म्हणाले.

तेराव्याला त्यांनी घराचे कागद पिशवीत भरून शांभवीच्या हाती दिले आणि भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, "पेटी बोलली की मी मोकळा. तोवर हृदयाच्या गोळ्या घेतो. मग पोदुम." पुरे. त्या दिवशी शांभवी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडली होती.

"अजून एक करूं," अप्पा म्हणाले. "आज उजेड बरा आहे."

नको म्हणावं आणि इथेच जमिनीवर आडवं व्हावं, असं तिला वाटलं. कंबर धरली होती. तरी ती उठली. आधी त्यांच्या हातावर दुपारची गोळी ठेवली, ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली, मग दोन्ही छापील कागद आणले. एकावर वरच्या बाजूच्या रेघा, दुसऱ्यावर खालच्या. खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून टिकलीवर टिकली जुळवायची, तीन कडा टाचायच्या, त्या पाकिटात पाटी सरकवून इस्त्री फिरवायची, की रेघा दोन्हीकडून तांब्यावर उतरायच्या. जुळवायचं अप्पांनी, धरायचं शांभवीने.

अप्पांची बोटं थरथरत होती. मग कशी कोण जाणे, घटकाभर थांबली. भिंगातून त्यांनी एकेक टिकली तपासली आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"जुळलं गं. सगळंच्या सगळं जुळलं. घट्ट धर, हलूं देऊ नको."

"धरलंय, अप्पा."

ते स्टेपलर घ्यायला टेबलाकडे वळले. शांभवीने त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, आणि दर रविवारी सरकवायची तसा वरचा कागद नखाने केसभर सरकवला.