नकाशावरची हद्द

निपाणीच्या शाळेत गुरुजींनी चौथीच्या वर्गात नकाशा लावला. "आपलं कर्नाटक कुठं संपतं, कोण सांगेल?"

वृषभ उठला. "कोगनोळीच्या पुढं, गुरुजी. तिथं आमचे अण्णा मोटारसायकल थांबवून हेल्मेट काढत्यात आणि आरशाला अडकवत्यात. म्हणत्यात, आता महाराष्ट्र लागला, हितं कोण अडवत न्हाय."

वर्ग हसला. "आमचे पण," म्हणत चार-पाच हात वर झाले. गुरुजींनाही हसू आलं.

पंधरा दिवसांच्या गैरहजेरीनंतर आजच शाळेत आलेली त्रिशला उठून नकाशाजवळ गेली. तिनं कागलच्या अलीकडं बोट ठेवलं.

"गुरुजी, आमचे आप्पा हितं गेले. आरशाला अडकवलेलं हेल्मेट तेवढं घरी आलंय. त्याला एक ओरखडासुद्धा न्हाय."