मीटरवर साठ

“कंपनीच्या इंजिनिअरांना अक्कल नव्हती, म्हणून तू टायर बदललेस?” बाबांनी नव्या टायरवर चपलेचं टोक आपटलं.

“त्यांनी डांबरी रस्ता गृहीत धरलाय. मला रोज दाजीपूरच्या चिखलात जायचंय. रिम तीच आहे, तिला एवढा रुंद टायर चालतो.”

तिथल्या जंगलात बेडकांवर काम करायची नोकरी मला मिळाली होती. गाडी एकटीला द्यायची की नाही, हे बाबा आज शेजारी बसून ठरवणार होते. अट एकच होती, साठच्या वर जायचं नाही.

राधानगरीपर्यंत त्यांची नजर काट्यावरच होती. मोकळ्या रस्त्यावर मी काटा साठवर नेला आणि तिथेच ठेवला. हळूहळू ते सैलावले, खिशातले शेंगदाणे खाऊ लागले.

घरी आल्यावर म्हणाले, “बरी चालवतेस. एकदाही साठ ओलांडलं नाहीस.”

मी गप्प बसले असते तर किल्ली मिळालीच होती. पण चुकीचा आकडा मला तसाच सोडवत नाही.

“ओलांडलं, बाबा. हा टायर थोडा उंचही आहे. चाक एका फेरीत जास्त अंतर जातं, ते मीटरला कळत नाही. काटा साठवर होता तेव्हा गाडी एकसष्टच्या पुढे होती.”

“आणि हे आत्ता सांगतेस?”

“आधी सांगितलं असतं तर शेंगदाणे खाल्ले असते का तुम्ही?”

मी हात पुढे केला आणि मागे घेतला नाही. शेवटी किल्ली तळहातावर पडली.

“मीटरवर साठच!”

“मीटरवरच,” मी म्हणाले.