नळी भरेपर्यंत

शाळेत मुलांना गुणसूत्रं शिकवणाऱ्या दैवशालाबाईंना ठाऊक होतं, की बापाच्या घराण्याचा माग काढायचा तर वाय गुणसूत्र लागतं आणि ते बाप फक्त मुलाला देतो. म्हणून डीएनए चाचणीची नळी घेऊन त्या बेंबळीला सावत्र भावाकडं, रामहरीकडं आल्या. बाईंच्या आईला मुलगा होईना म्हणून वडिलांनी, आप्पांनी, दुसरं लग्न केलं होतं. त्या लग्नाचा हा मुलगा. आप्पांचंच नाक, आप्पांचीच मांडी घालून बसायची ढब आणि आता वंशही त्याच्याच थुंकीत. बाईंना त्याच्याकडं बघवेना. तो थुंकत होता, पण नळी भरेना. “तोंड कोरडं पडलंय, आक्का. पाणी पिऊ का?” “थुंकी द्यायच्या आधी अर्धा तास काही चालत न्हाय. चिंच आठव.” “कुठली चिंच?” “मळ्यातली. आप्पा मला खांद्यावर घेऊन गाभुळलेल्या चिंचा तोडायला लावायचे. मग दगडावर मीठ-मिरची वाटून लावायचे आणि मी खायच्या आधीच आंबटाच्या आठवणीनं त्यांचे डोळे मिटायचे.” बाई रंगून सांगत राहिल्या. रामहरीच्या तोंडाला पाणी सुटलं आणि नळी खुणेपर्यंत भरली. त्यानं झाकण लावलं, पण नळी दिली नाही. आप्पा गेले तेव्हा तो पाळण्यात होता. त्याला त्यांचा आवाजसुद्धा आठवत नव्हता. “तुम्हाला खांद्यावर घ्यायचे?” “व्हय.” “लई वेळा?” त्याचा चेहरा शाळेत दुसऱ्याच्या डब्याकडं बघणाऱ्या पोरासारखा झाला होता. बाईंना बरं वाटलं. आप्पांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं ते एकदाच. “रोज,” बाई म्हणाल्या आणि नळीसाठी हात पुढं केला.