झऱ्याचं पाणी

"आधी घोट घ्या, मग बोला," साडू म्हणाला आणि कॅनमधले पाणी त्याने एकेकाच्या पेल्यात ओतले.

सासऱ्यांच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले होते. साडूने, म्हणजे घरच्या थोरल्या जावयाने, शहरापासून दूर, डोंगराच्या कुशीत जमीन घेतल्यापासून प्रत्येक भेटीत तिथल्या झऱ्याचे पाणी येत असे. सासूबाईंनी डोळे मिटून घोट घेतला. धाकट्या मेहुण्याने रिकामा पेला पुन्हा पुढे केला.

धाकटा जावईही प्यायला. त्याचे चष्म्याचे दुकान होते, म्हणून घरात त्याला 'चष्मेवाला' म्हणत. प्रेमाने, असे त्याला पूर्वी वाटायचे. पाण्याची चव ओळखीची वाटली. कुठली, ते आठवेना.

"गोड आहे," तो म्हणाला आणि तो शब्द त्याला कडू लागला.

"आणि विजेचं काय हो तिथे?" मेहुण्याने विचारले.

"हवीय कशाला? छपरावर ऊन आहे, त्यावर दिवा लागतो. फोनला रेंज नाही, म्हणजे साहेबाचा आवाज नाही!"

सगळे हसले. सर्वांत जास्त हसली ती चष्मेवाल्याची बायको. "भाऊजी, सुटलात बाई तुम्ही. आमचं आयुष्य अंधाऱ्या खोलीत. 'खालची ओळ वाचा. आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?'"

तिने त्याचा आवाज हुबेहूब काढला. तोही हसला. मात्र साडूकडे पाहताना तिच्या डोळ्यांत जे चमकून गेले, ते त्याला दिसले. दुसऱ्यांची नजर तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढे तर दिसतेच.

त्या दिवसापासून तो डोंगर त्याच्या दुकानात येऊन बसला. रविवारी सकाळी साडूची गाडी समोरून जाई, मागच्या बाजूने चांगलीच खाली दबलेली. काय काय नेत असेल? खुर्च्या, पुस्तके, नवे गालिचे? चष्मेवाला काच पुसत राही आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही त्याचा हात थांबत नसे.

एकदा साडूने सर्वांना तिकडे नेले. "तुम्ही सावकाश या, मी पुढे होऊन वाट झाडतो," म्हणून तो आधीच चढून गेला. त्याची बायको मात्र पायथ्याशी गाडीतच बसून राहिली. "मला नाही बाई चढ झेपत," ती म्हणाली आणि तिने मान फिरवली.

वर लाकडी खोपटे होते, आणि मागच्या खडकाच्या फटीतून पाण्याची बारीक धार दगडी खळग्यात पडत होती. चष्मेवाल्याच्या बायकोने त्यात पाय सोडले. ती इतकी शांत झाली, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली ती त्याला आठवली. तिला तसे करणारा तो नव्हता, साडूचा झरा होता. आपले बूट हातात धरून तो नुसता उभा राहिला.

"चला, ऊन उतरायच्या आत निघू," साडू घाई करू लागला.

पुढच्याच आठवड्यात चष्मेवाल्याने त्याला दुकानात बोलावले.

"साडूभाऊ, ती जमीन मला द्या."

साडूच्या हातातली चष्म्याची फ्रेम फिरायची थांबली. "वेड लागलंय का? दुसरी बघा की. डोंगर काय कमी आहेत?"

"मला तीच हवी."

"त्या झऱ्यावर जीव जडलाय हो माझा."

"म्हणूनच."

साडूने फ्रेम खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मीसुद्धा अशीच मागे लागून घेतली होती. ऑफिसातल्या मित्राकडून. सोडायलाच तयार नव्हता बिचारा."

काचा घासण्याचा मागचा गाळा विकून चष्मेवाल्याने जमीन घेतली. सह्या झाल्यावर साडूचे डोळे भरून आले. त्याने चष्मेवाल्याचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. ते अश्रू पाहून चष्मेवाल्याला जे सुख झाले, त्याची त्याला जराशी लाजही वाटली.

पहिल्यांदा तो एकटाच गेला. संध्याकाळी परतला तेव्हा हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

"कसं वाटलं?" बायकोने दारातच विचारले. तिच्या डोळ्यांत तीच चमक होती, आणि या वेळी ती त्याच्याकडे पाहत होती.

त्याने बूट काढून कोपऱ्यात ठेवले. "स्वर्ग," तो म्हणाला.

तिने त्याच्या ओरखड्यांवर फुंकर घालत मलम लावले. "रविवारी सगळ्यांना बोलवायचं हं," ती म्हणाली.

रविवारी सगळे पायथ्याशी जमले. साडू बुटांच्या नाड्या बांधत खाली वाकला, तो बराच वेळ वर झाला नाही.

"मजा आहे बुवा तुमची," मेहुणा चष्मेवाल्याला म्हणाला. "आम्ही कुजायचं भाड्याच्या दोन खोल्यांत. कधी विकायचं मनात आलं, तर आधी मला सांगा हं, भाऊजी."

त्या आवाजातली धार चष्मेवाल्याच्या ओळखीची होती. "छे! झऱ्यावर जीव जडलाय माझा," तो म्हणाला आणि गाडीतले दोन कॅन उचलून निघाला. "तुम्ही सावकाश या. मी पुढे होऊन वाट झाडतो."

"द्या की एक माझ्याकडे."

"रिकामे तर आहेत. उचलायचं काय त्यात?"

वळण ओलांडल्यावर त्याने कॅन खाली ठेवून तळहातांवरचे वळ चोळले. मग खडकामागच्या काटेरी झुडपात शिरून, दुकानाच्या नळाखाली भरलेले ते पाणी त्याने तिथल्या निळ्या पिंपात ओतले. खालून बायकोचे हसू ऐकू आले, तशी त्याने तोटी अलगद सैल केली, आणि खडकातून झरा वाहू लागला.