आठवी गाठ

सात झाल्या. आठवी कशाची, ते गुंडाला काही केल्या आठवेना.

बडेसाबच्या काष्ठौषधींच्या दुकानासमोर, पायरीवर बसून तो हातातला दोरा उलटसुलट करत होता. काळ्या मेंढीच्या लोकरीचा दोरा, बायकोनं, चिमानं, चातीवर काढलेला. तिला लिहिता येत नव्हतं, त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून बाळंतपणाला जे जे लागायचं त्या एकेका जिनसाची तिनं एकेक गाठ मारून दिली होती.

"पैल्यापासनं धर की पुना," बडेसाब आतून म्हणाला. "गरवार बायकू तिकडं वाट बघती, आन् ह्यो हितं दोऱ्याशी भांडतोय."

गुंडानं अंगठा दोऱ्यावर ठेवला.

पहिली. ओवा.

दुसरी. बाळंतशोपा.

तिसरी लठ्ठ, दुहेरी. खोबरं. "गाठ जेवडी, तेवडं आना. चिमूटभर आनू नगासा," असं चिमा म्हणाली होती आणि पोट धरून हसली होती.

चौथी डिंक, पाचवी वेखंड.

सहावी. सहाण, बाळाची गुटी उगाळायला. सहाण घरात होती. दोन वर्षांमागची, तिच्यावर एकदाही काही उगाळलं नव्हतं. ती नको, चिमा म्हणाली. नवी आणा.

सातवी अगदी बारकी. काळे मणी, इवल्या मनगटापुरते.

आठवी.

आठवी मारताना चिमा काय बोलली? गुंडा तेव्हा वाकून पायताणाचा पट्टा आवळत होता. तिची बोटं हलताना दिसली होती. आवाज आठवत नव्हता.

"हिंग आसंल," बडेसाब म्हणाला.

"घरात हाय."

"जायफळ? मुरुडशेंग? एरंडेल?"

प्रत्येक नावाला गुंडा दोरा चाचपून बघायचा. गाठ हूं की चूं करत नव्हती.

तेवढ्यात महादेवप्पा आला. गुंडाच्याच भागातला, आता मिलमध्ये मुकादम. गुंडाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "गड्ड्याची जत्रा उठली, घोंगडी खपली. आता माळावर जाऊन काय करतूस? माझी दोन मानसं कमी हायेत. सकाळच्या भोंग्याला ये. रोख पगार."

गुंडा उठून उभा राहिला. मिलची त्याला सवय होती. दोन वर्षांमागं तो असाच घोंगडी विकायला आला होता. तेव्हाही चिमा पोटुशी होती. तेव्हाही मुकादमानं बोलावलं होतं. त्यानं सामान गाववाल्या ज्ञानबाच्या गाडीत घालून दिलं आणि तो सोलापुरात राहिला. बाळ झालं, हे त्याला वीस दिवसांनी कळलं. गेलं, हेही त्याच निरोपात कळलं. नंतर त्याबद्दल चिमा कधी एका शब्दानं बोलली नाही.

पण या खेपेला पगार खरंच कामी आला असता. पोराला अंगडं-टोपडं, शेरडीला दावं. किती दिवस, दोनच महिने. आणि सामान तर वेळेत पोचणार होतं.

ज्ञानबाची गाडी निघायच्या बेतात होती. गुंडानं घेतलेल्या सामानाचं गाठोडं गाडीत ठेवलं.

ज्ञानबानं गाठोड्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "औंदा बी मीच पोचवू व्हय?"

"दोन म्हयन्यांचा तर सवाल हाय."

ज्ञानबानं बैलांच्या पाठीवर हात फिरवला. गाडी हलली.

गुंडा दोरा घेऊन पुन्हा दुकानाशी आला. अंगठा आपोआप टोकाशी गेला. तिथं ती होतीच. घट्ट. नाळ बांधायचं काही असेल का? ताप आला तर द्यायचं? त्या वेळी नव्हतं म्हणून जे घडलं, तेच तर हे नसेल?

"बडेसाब, समद्या जिनसा दावा की. बघून आठवंल."

"दुकान अख्खं दावलं बाबा तुला." म्हाताऱ्यानं तराजू खाली ठेवला. "गाठ मारली तिनं. कशाची, ते मला काय ठावं? जा, जाके पूछ उसीकू."

गुंडा पळत सुटला.

"गुंडा! उद्या जागा ऱ्हानार न्हाय!" महादेवप्पा मागून ओरडला.

"थांब रं ज्ञानबा! थांब की!" गुंडा पुढं ओरडत होता.

भीमा ओलांडून तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी गावात शिरली.

चिमा अंगणातच होती. अवघडलेली, भिंतीला पाठ लावून सूत काढत. त्याला बघून तिच्या हातातली चाती फिरायची थांबली. तिनं गाठोडं पुढं ओढलं, दोरा मागून घेतला आणि एकेक जिन्नस बाहेर काढत एकेक गाठ सोडत गेली. ओवा हुंगला. खोबरं हातात तोललं. सहाणीवरून पदर फिरवला. काळे मणी स्वतःच्या करंगळीत घालून बघितले.

सात गाठी सुटल्या.

"आठवी ऱ्हायली," गुंडा मान खाली घालून म्हणाला. "लई आठवलं, चिमे. न्हाय आठवली. कशाची हुती ते सांग. आल्या पावली माघारी जातो, घिऊन येतो."

चिमानं ती गाठ सोडली नाही. दोरा बोटाला गुंडाळत तिनं त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाली,

"तिच्यात काय बी न्हाय. इचाराया तरी घरला याल, म्हनून मारली."